सर्पगंधेच्या मुळात अश्मपेशी दिसल्या: दुसरी जाती की खोडाचा तुकडा?

प्रश्न विचारणारी: अभ्यासिका_दादर

नमस्कार. मी मुंबईत वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. बाजारात सर्पगंधा म्हणून विकल्या जाणाऱ्या वाळलेल्या मुळांची शरीररचनेवरून ओळख पटवणे, हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय आहे. गेल्या दोन महिन्यांत मी शहरातल्या तीन वेगवेगळ्या दुकानांतून मुळे विकत घेतली. पाने, फुले, फळे यांपैकी काहीच सोबत येत नाही. हातात येतात ती करंगळीएवढी जाड, वेडीवाकडी, उभ्या सुरकुत्या पडलेली मातकट पिवळी कांडकी, आणि ती तिन्ही ठिकाणची साधारण सारखीच दिसतात.

मी ही कांडकी रात्रभर पाण्यात भिजवून, नंतर ग्लिसरीन आणि अल्कोहोलच्या मिश्रणात दोन दिवस ठेवून मऊ केली आणि ब्लेडने आडवे छेद घेतले. लिग्निन (पेशीभिंती कठीण करणारे द्रव्य) ओळखण्यासाठी फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले. पहिल्या नमुन्यात झायलेम (पाणी वाहून नेणारे ऊतक) गुलाबी-लाल झाले आणि अगदी बाहेरच्या कडेला कॉर्कमध्येही (सालीच्या सर्वांत बाहेरच्या संरक्षक थरात) गुलाबी पट्टे उमटले, पण मधला सालीचा भाग पूर्ण रंगहीन राहिला. दुसऱ्या नमुन्यात मात्र सालीच्या आतल्या भागात, फ्लोएममध्ये (अन्न वाहून नेणाऱ्या ऊतकात), जाड भिंतींच्या पेशींचे गुलाबी पुंजके विखुरलेले दिसले. तिसऱ्या नमुन्यातही सालीत गुलाबी ठिपके आहेत, परंतु ते एका वर्तुळावर ओळीने मांडल्यासारखे आहेत आणि छेदाच्या मधोमध मऊ, पांढरट, मोठ्या पेशींचा गोल आहे.

सर्पगंधेच्या, म्हणजे रावोल्फिया सर्पेन्टिनाच्या मुळात अश्मपेशी (जाड, लिग्निनयुक्त भिंतींच्या आखूड, कठीण पेशी) नसतात आणि तिच्या जवळच्या इतर जातींच्या मुळांत त्या असतात, एवढे मला माहीत आहे. त्यावरून दुसरा आणि तिसरा असे दोन्ही नमुने रावोल्फिया टेट्राफायला या जवळच्या जातीचे आहेत, असे मी माझ्या नोंदवहीत लिहिले. प्रयोगशाळेत ज्येष्ठांशी चर्चा झाली तेव्हा मला सांगण्यात आले की, पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीत तिन्ही नमुन्यांत रेसर्पिनचा (सर्पगंधेतल्या रक्तदाब कमी करणाऱ्या द्रव्याचा) पट्टा आला आहे, तिसऱ्यात फिकट असला तरी आला आहे, त्यामुळे तिन्ही सर्पगंधाच आहेत आणि छेदांवर एवढा वेळ घालवण्याचे कारण नाही. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे मला नीट मांडता येत नाही. शिवाय माझ्या स्वतःच्या निष्कर्षाचीही मला पुरती खात्री नाही. पहिल्या नमुन्याच्या कॉर्कमध्ये आलेला गुलाबी रंग हाही अश्मपेशींचाच मानायचा का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: प्राध्यापक_मुलुंड

तुमची निरीक्षणे नेमकी आहेत. घाई झाली आहे ती निष्कर्षात. तीस वर्षे वनस्पतींची शरीररचना शिकवताना मी हीच घाई दरवर्षी पाहिली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जातीचा प्रश्न विचारण्यापूर्वी एक प्रश्न विचारला पाहिजे: समोरचा तुकडा मुळाचा आहे की खोडाचा? मूळ आणि खोड ही एकाच झाडाची अंगे असली, तरी त्यांच्या आतल्या मांडणीत इतका फरक असतो की, एका जातीचे मूळ आणि त्याच जातीचे खोड यांची तुलना केली तर त्या दोन वेगळ्या वनस्पती वाटाव्यात. तुमच्या तिसऱ्या नमुन्याच्या मधोमध जो मऊ पांढरट गोल आहे, तो भेंड आहे. सर्पगंधेच्या मुळात भेंड नसते, तिथे झायलेम थेट केंद्रापर्यंत पोहोचलेले असते. भेंड दिसले की तुकडा खोडाचा असल्याची शंका पहिल्यांदा यायला हवी.

ही शंका पक्की करण्याचा मार्ग करवीर कुळातच दडलेला आहे. कण्हेर, सदाफुली, सातवीण आणि सर्पगंधा या एकाच कुळातल्या वनस्पती. या कुळातल्या खोडांत झायलेमच्या बाहेरच्या बाजूला फ्लोएम असतेच, पण आतल्या बाजूलाही, भेंडाच्या कडेला, फ्लोएमचे लहान लहान पुंजके असतात. त्यांना आंतर-फ्लोएम म्हणतात. मुळात ते नसते. शिवाय खोडात सर्वांत आधी तयार झालेल्या बारीक वाहिन्या भेंडाच्या बाजूला असतात, आणि मुळात आधीच्या वाहिन्या बाहेरच्या बाजूला राहून नंतरच्या आतल्या दिशेने भरत जातात. जाड झालेल्या जुन्या मुळात ही प्राथमिक मांडणी शोधायला चिकाटी लागते, परंतु भेंड आणि आंतर-फ्लोएम या दोन खुणा दहा मिनिटांत तपासून होतात. तिसऱ्या नमुन्याच्या भेंडाच्या कडेवर जास्त शक्तीचे भिंग लावा आणि झायलेमच्या आत पातळ भिंतींच्या लहान पेशींचे झुबके आहेत का ते पाहा. असतील तर तुमच्या हातात खोड आहे. मग सालीत वर्तुळावर ओळीने मांडलेले ते गुलाबी ठिपके बहुधा अश्मपेशी नसून खोडातले तंतू असतील. तंतूंचा आडवा छेद आणि अश्मपेशीचा छेद वरून पाहता सारखेच दिसतात: जाड भिंत आणि मधे बारीकशी पोकळी.

फरक उभ्या छेदात कळतो. तंतू लांबच लांब, दोन्ही टोकांना निमुळता असतो. अश्मपेशी आखूड, चौकोनी किंवा वाटोळी असते, तिच्या भिंतीवर थर दिसतात आणि त्या थरांतून पोकळीकडे जाणाऱ्या बारीक नळ्या दिसतात. पेरू खाताना बियांभोवतीच्या गरात दाताखाली जे खरखरीत कण लागतात, ते याच प्रकारच्या पेशींचे पुंजके. एकदा पेरूचा गर काचपट्टीवर चिरडून फ्लोरोग्लुसिनॉलमध्ये पाहा, मग अश्मपेशी ओळखताना पुन्हा चूक होणार नाही. उभा छेद नीट येत नसेल तर पेशी सुट्या करा. दहा टक्के नायट्रिक आम्ल आणि दहा टक्के क्रोमिक आम्ल समप्रमाणात मिसळून केलेल्या जेफ्रीच्या द्रावणात काडीएवढे तुकडे ठेवा, मऊ झाले की पाण्याने पुष्कळ वेळा धुवा आणि सुईने विलग करा. प्रत्येक पेशी वेगळी पडलेली दिसली की तंतू आणि अश्मपेशी यांच्यात गल्लत व्हायला जागाच राहत नाही. हे काम धूर ओढणाऱ्या कपाटात, हातमोजे घालून करा. क्रोमिक आम्ल विषारी आहे आणि ते सिंकमध्ये ओतायचे नसते.

आता कॉर्क. पहिल्या नमुन्यातले गुलाबी पट्टे पाहून तुम्ही थांबलात आणि विचारलेत, याचे मला समाधान वाटले, कारण सर्पगंधेची सर्वांत बोलकी खूण नेमकी तिथेच आहे. तिचे कॉर्क थराथराचे असते. लहान, चपट्या, सुबेरिनयुक्त (पाणी अडवणारे मेणचट द्रव्य असलेल्या) पेशींचे अरुंद पट्टे आणि मोठ्या, रुंद, लिग्निनयुक्त पेशींचे पट्टे आळीपाळीने येतात. लिग्निन असलेले पट्टे फ्लोरोग्लुसिनॉलमध्ये गुलाबी होणारच. त्या पेशींच्या भिंती अश्मपेशींसारख्या जाड नसतात आणि त्यांची जागा बाहेरच्या कडेला असते. म्हणून तुमच्या नोंदीत ‘गुलाबी पेशी आढळल्या’ एवढेच कधीही लिहू नका. कुठल्या ऊतकात आढळल्या आणि भिंत किती जाड होती, हे त्याच वाक्यात लिहा. सुदान तीनच्या द्रावणाने दुसरा छेद रंगवलात तर सुबेरिनचे पट्टे नारिंगी होतील आणि दोन्ही छेद शेजारी ठेवले की थर स्पष्ट वाचता येतील. सॅफ्रॅनिनवर या कामासाठी विसंबू नका. ते लिग्निनही लाल करते आणि सुबेरिनही, त्यामुळे थरांतला भेद पुसला जातो.

दुसऱ्या नमुन्याबद्दल. केंद्रात भेंड नाही याची खात्री करून घ्या, कॉर्क थराथराचे आहे की सगळीकडे सारखे आहे ते पाहा आणि फ्लोएममधले पुंजके अश्मपेशींचेच आहेत हे उभ्या छेदात तपासा. तिन्ही गोष्टी तशाच निघाल्या, तर हे मूळ सर्पगंधेचे नाही असे तुम्ही ठामपणे लिहू शकता. परंतु ते टेट्राफायलाचे आहे असे तेवढ्यावरून लिहिता येत नाही. पश्चिम घाटात मिळणाऱ्या रावोल्फिया डेन्सिफ्लोराच्या मुळातही अश्मपेशी असतात, दक्षिणेकडच्या रावोल्फिया मायक्रँथाच्या मुळातही असतात. अशा खुणेचा नकार पक्का असतो. होकारासाठी ओळख पटलेल्या झाडाचे मूळ शेजारी ठेवून, त्याच जाडीच्या भागाचा छेद घेऊन तुलना करावी लागते. टेट्राफायलाचे झाड सापडणे अवघड नाही. ती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली असून भारतात पडीक जागी आणि औषधी बागांतही आढळते. तिची पाने चाराच्या वलयात आणि लहानमोठी असतात, सर्पगंधेची बहुधा तिनाच्या वलयात. पाना-फुलांसह फांदी दाबून तिचा संदर्भ नमुना करा, सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) रीतसर परवानगी घेऊन तो जुन्या नमुन्यांशी पडताळून पाहा आणि मगच त्या झाडाच्या मुळाचे छेद घ्या.

सराव म्हणून एक सुचवतो. मुंबईत जवळपास प्रत्येक सोसायटीच्या आवारात सदाफुली असते. एक रोप मुळासकट उपटून आणा आणि त्याच्या खोडाचा, मुळाचा, तसेच दोन्ही जिथे जुळतात त्या भागाचा छेद घ्या. जुळणीच्या भागात मांडणी धड खोडाची नसते, धड मुळाचीही नसते. बाजारातल्या कांडक्यांतही वरचे गाठाळ टोक असते. त्या टोकावरून जाती ठरवण्याच्या फंदात पडू नका.

उत्तर: द्रव्यगुण_परळ

मी औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना फार्माकॉग्नॉसी, म्हणजे नैसर्गिक औषधी द्रव्यांची ओळख, शिकवते. सरांनी छेदांबद्दल जे लिहिले आहे त्यात मला भर घालण्यासारखे थोडेच आहे, म्हणून मी रेसर्पिनच्या मुद्द्याकडे वळते, कारण तुम्हाला जे पटत नव्हते त्याचे उत्तर तिथे आहे.

रेसर्पिन हे फक्त सर्पगंधेत सापडणारे द्रव्य नाही. ते टेट्राफायलाच्या मुळात आहे, आणि आफ्रिकेतल्या रावोल्फिया व्होमिटोरियामध्ये तर ते इतके आहे की उद्योगात रेसर्पिन काढण्यासाठी तीच जाती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. त्यामुळे पट्टा उमटला याचा अर्थ नमुना रावोल्फियाचा असू शकतो, एवढाच होतो. टेट्राफायलाला पूर्वी रावोल्फिया कॅनेसेन्स म्हणत आणि डेसर्पिडीन हे द्रव्य प्रथम तिच्यातूनच वेगळे केले गेले. जातींमधला रासायनिक फरक अशा सोबतच्या अल्कलॉइडांच्या (वनस्पतींतल्या नायट्रोजनयुक्त द्रव्यांच्या, रेसर्पिन हे त्यांतलेच) प्रमाणात असतो, आणि तो एका पट्ट्यावरून कळत नाही. एका पट्ट्यावर विसंबून शरीररचना बाजूला ठेवणे मला शास्त्रीयदृष्ट्या योग्य वाटत नाही, आणि हे तुम्ही प्रबंधात नम्रपणे, पण स्पष्ट लिहावे.

तिसऱ्या नमुन्यात पट्टा फिकट का आला, तेही सरांच्या उत्तराशी जुळते. या वनस्पतीत अल्कलॉइडांचा फार मोठा वाटा मुळाच्या सालीत असतो. खोडात प्रमाण खूप कमी असते. माल वजनावर विकला जातो, त्यामुळे मुळांबरोबर खोडाचे बुंधेही टाकले की वजन वाढते आणि औषध पातळ होते. ही भेसळ जातीची नाही, अंगाची आहे, आणि म्हणून औषधकोशांमध्ये मुळांत खोडाचे तुकडे किती चालतील याची मर्यादा घालण्याची पद्धत आली.

आपण मुंबईत राहून या मुळावर काम करता आहात म्हणून एक संदर्भ मुद्दाम सांगते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम मांडला, आणि या मुळाकडे साऱ्या जगाचे लक्ष गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी रेसर्पिन वेगळे केले. १९५७ साली डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. मागणी एकदम वाढली, रानातली झाडे मुळासकट उपटली जाऊ लागली आणि तुटवडा पडताच जवळच्या जातींची मुळे मालात मिसळू लागली. आज सर्पगंधा आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. झाडाचे मूळच औषध असल्यामुळे प्रत्येक विक्रीमागे एक झाड मरते. मला स्वतःला या विषयाची ओढ वाटते ती या कारणाने: मूळ ओळखता आले तर रुग्णाला फसवले जाणे टळते आणि रानातून नेमके काय उपसले जाते आहे हेही कळते.

चूर्णाबद्दल दोन शब्द. पुढे तुम्हाला दळलेला मालही तपासावा लागेल. तिथे छेद घेता येत नाही, भेंड दिसत नाही, पेशींचे तुकडे तेवढे मिळतात. चिमूटभर चूर्ण क्लोरल हायड्रेटच्या द्रावणात गरम करून पारदर्शक करा आणि अश्मपेशी शोधा. पिष्टकण (स्टार्चचे कण) पाहायचे असतील तर मात्र वेगळी काचपट्टी पाण्यात करा, कारण क्लोरल हायड्रेटमध्ये ते विरघळून जातात. हा गोंधळ दर वर्षी होतो. चूर्णात एखादीच अश्मपेशी सापडली तर लगेच भेसळ म्हणू नका. त्याच चक्कीत आधी दळलेल्या दुसऱ्या औषधाची ती असू शकते. पुन्हा पुन्हा, प्रत्येक काचपट्टीवर पुंजक्याने सापडत असतील तरच तिला वजन द्या.

उत्तर: विद्यार्थी_कलिना

मी जैवतंत्रज्ञानाचा विद्यार्थी आहे. एवढे सगळे करण्यापेक्षा डीएनए बारकोडिंग (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या क्रमावरून जाती ओळखणे) केले तर प्रश्न एका झटक्यात सुटणार नाही का? छेदांचा अर्थ लावण्यात माणसाचे मत येते, डीएनएच्या क्रमात ते येत नाही.

उत्तर: प्राध्यापक_मुलुंड

जाती ठरवण्यासाठी डीएनए फार उपयोगी आहे आणि सोय असेल तर ते अवश्य करावे. परंतु या प्रश्नात त्याची एक मर्यादा आहे. तिसऱ्या नमुन्याचा डीएनए काढलात आणि तो सर्पगंधेचाच निघाला, तर तुम्ही त्याला शुद्ध म्हणाल. मुळाचा आणि खोडाचा डीएनए एकच असतो. खोड मूळ म्हणून विकले जाते आहे, हे तुम्हाला छेदच सांगेल. त्याशिवाय महिनोन्महिने उन्हात वाळलेल्या, दमट गोदामात राहिलेल्या मुळांतला डीएनए बऱ्याचदा तुटलेला असतो, आणि मुंबईच्या पावसाळ्यात अशा मुळांवर बुरशीही चढते. मग बुरशीचाही डीएनए सोबत येतो. माझ्या मते आधी छेद घ्यावेत आणि शंका उरेल तिथे डीएनए वापरावा.

उत्तर: खारफुटी_ऐरोली

माझा अभ्यास ठाणे खाडीच्या परिसरातल्या खारफुटीच्या लाकडाचा आहे. सर्पगंधेबद्दल मला विशेष सांगता येणार नाही, परंतु अभ्यासिका यांनी पुढे मोजमापे घ्यायचे ठरवले तर एक सावधगिरी सुचवावीशी वाटते.

शरीररचनेतल्या खुणा दोन प्रकारच्या असतात. काही असतात किंवा नसतात: फ्लोएममध्ये अश्मपेशी आहेत की नाहीत, भेंडाच्या कडेला फ्लोएम आहे की नाही. काही कमी-जास्त होतात: वाहिन्यांचा व्यास, एका चौरस मिलिमीटरमध्ये वाहिन्या किती, किरण (केंद्राकडून बाहेर जाणारे पेशींचे पट्टे) किती पेशी रुंद. दुसऱ्या प्रकारच्या खुणा आकड्यांत येतात म्हणून जास्त शास्त्रीय वाटतात, पण परिस्थितीनुसार बदलतात त्या याच. केनियाच्या किनाऱ्यावर कांदळाच्या, म्हणजे ऱ्हायझोफोरा म्युक्रोनाटाच्या लाकडावर झालेल्या अभ्यासात असे दिसले की, पावसाळ्यात तयार झालेल्या लाकडात वाहिन्यांची दाटी कमी असते आणि कोरड्या ऋतूत तयार झालेल्या लाकडात ती वाढते. एकाच झाडात, एकाच वर्षात! दोन हंगामांतले असे दोन तुकडे कुणी वेगळ्या जातींचे म्हणून मांडले असते, तर आकड्यांनी त्याला साथच दिली असती. मुळांनाही हे लागू आहे. वय, जाडी, जमिनीतला ओलावा यांनी वाहिन्यांचे माप बदलते. म्हणून मोजायचेच असेल तर एकाच जाडीची मुळे घ्या, प्रत्येक जातीची अनेक झाडे घ्या आणि सरासरीच्या जोडीला किमान व कमाल आकडाही द्या.

असण्या-नसण्याच्या खुणेचे एक उदाहरण देतो, कारण ते मुंबईत कुणालाही पाहता येते. गुळवेल आणि वासनवेल या एकाच कुळातल्या वेली, आणि काष्ठौषधींच्या बाजारात दोन्हींची वाळलेली खोडे मिळतात. दोन्हींच्या आडव्या छेदात रुंद किरणांमुळे चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते, त्यामुळे नवखा माणूस चाक पाहिले की गुळवेल म्हणून मोकळा होतो. वासनवेलीच्या जाड खोडात मात्र पहिल्या वलयाच्या बाहेर नवा ऊतककर (नव्या पेशी तयार करणारा थर) तयार होऊन झायलेम-फ्लोएमचे दुसरे, तिसरे वलय उभे राहते. गुळवेलीच्या खोडात सामान्यतः एकच वलय असते. अर्थात, वासनवेलीची कोवळी फांदी घेतलीत तर तिच्यातही एकच वलय दिसेल. खूण यायला खोडाचे वय व्हावे लागते, आणि वयाचा विचार न करता केलेली तुलना इथे सरळ चुकीच्या उत्तराकडे नेते. आमच्या तिवराच्या खोडातही अशी एकाबाहेर एक वलये असतात, आणि ती वर्षाला एक या हिशेबाने येत नाहीत. तरीही ती मोजून झाडाचे वय सांगणारे लोक मला अजून भेटतात.

उत्तर: अभ्यासिका_दादर

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे लागले, म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला.

आधी सदाफुलीवर सराव केला. खोडात भेंडाच्या कडेला असलेले फ्लोएमचे झुबके पहिल्या दिवशी मला दिसलेच नाहीत. छेद जाड येत होते आणि त्या भागात पेशींचे दोन-दोन थर एकमेकांवर पडत होते. चौथ्या दिवशी, कुंचल्याने उचलताना काठावर जवळजवळ पारदर्शक झालेला एक अर्धवट तुकडा मिळाला आणि त्यात ते स्वच्छ दिसले. तेव्हापासून पूर्ण गोल छेदाचा हट्ट मी सोडून दिला आहे. केंद्राचा आणि सालीचा पातळ तुकडा वेगवेगळा मिळाला तरी पुरतो.

मग तिसरा नमुना घेतला. भेंड आहे, आंतर-फ्लोएम आहे, आणि जेफ्रीच्या द्रावणात सालीतल्या त्या गुलाबी ठिपक्यांतून लांब, निमुळते तंतू सुटे झाले. अश्मपेशी एकही मिळाली नाही. म्हणजे ते खोड आहे, आणि त्यावरून मी टेट्राफायला लिहिले ते चूक होते. ती नोंद मी खोडली नाही, एक रेघ मारून शेजारी तारखेसह दुरुस्ती लिहिली आहे. त्याच पुडीतली उरलेली सगळी कांडकी मग एक एक करून कापली. निम्म्याहून जास्त मुळेच निघाली आणि त्यांचे कॉर्क थराथराचे आहे, फ्लोएममध्ये काही नाही. त्यामुळे या दुकानातल्या मालात सर्पगंधेची मुळे आणि खोडे मिसळलेली दिसतात. खोडाच्या तुकड्यांची जाती मी अजून नक्की केलेली नाही, कारण ओळख पटलेल्या सर्पगंधेच्या खोडाचे छेद माझ्याकडे नाहीत. ते आता बागेतून मिळवायचे आहेत.

दुसऱ्या नमुन्यात भेंड नाही. कॉर्क सुदान तीनमध्ये आतून बाहेरपर्यंत सारखेच रंगले, आळीपाळीचे पट्टे नाहीत. फ्लोएममधले पुंजके उभ्या छेदात आखूड, थर असलेल्या भिंतींचे आणि नळ्यांचे आहेत, आणि त्यांच्या जोडीला काही तंतूही आहेत. पेरूचा गर शेजारच्या काचपट्टीवर ठेवून पाहिले तेव्हा मनातली उरलीसुरली शंकाही गेली. एका औषधी बागेतून टेट्राफायलाची फळांसह फांदी आणि एक मूळ मिळाले. फांदीचा नमुना दाबून ठेवला आहे आणि तो पडताळण्यासाठी अर्ज केला आहे. त्या मुळाचे छेद आणि दुसऱ्या नमुन्याचे छेद मला एकसारखे दिसतात. तरीही पडताळणी होईपर्यंत मी प्रबंधात ‘सर्पगंधा नाही, लक्षणे रावोल्फिया टेट्राफायलाशी जुळतात’ एवढेच लिहिणार आहे. डेन्सिफ्लोराचे मूळ मिळवण्याचाही प्रयत्न आहे.

रेसर्पिनबद्दलचा मुद्दा मी लेखी मांडला आणि तो मान्य झाला. आता क्रोमॅटोग्राफी आणि छेद दोन्ही प्रबंधात राहतील.

एक अडचण मात्र उरली आहे. फ्लोरोग्लुसिनॉलचा गुलाबी रंग तासाभरात फिका पडतो आणि छायाचित्रे काढेपर्यंत निम्मे पुंजके दिसेनासे होतात. आम्लाच्या वाफेने भिंग खराब होईल या भीतीने मी काचपट्टी मधूनमधून काढून ठेवते, त्यात आणखी वेळ जातो. यावर काही उपाय आहे का?

उत्तर: प्राध्यापक_मुलुंड

तो रंग टिकत नाही, त्याला इलाज नाही. छेद घेण्याच्या आधीच कॅमेरा आणि प्रकाश जुळवून ठेवा, एका वेळी एकच छेद रंगवा, आम्लाचा थेंब लहान ठेवा, कव्हरस्लिपच्या कडेचे जास्तीचे द्रव टिपकागदाने शोषून घ्या आणि पहिल्या पाच मिनिटांत छायाचित्र काढा. काम झाल्यावर काचपट्टी सूक्ष्मदर्शकावर ठेवून जाऊ नका. कायम ठेवायच्या काचपट्ट्या त्याच कांडक्याच्या लगतच्या छेदांपासून सॅफ्रॅनिनने वेगळ्या करा आणि दोन्हींवर एकच क्रमांक घाला, म्हणजे परीक्षकांनी विचारले तर गुलाबी पुंजका नेमका कुठे होता ते लाल छेदात दाखवता येईल. पावसाळा संपेपर्यंत त्या सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा.

डेन्सिफ्लोराचे मूळ मिळाले की इथे कळवा. ते छेद पाहायला मलाही आवडेल.